साहेबाच्या भाषेतली वाजंत्री

मागल्या महिन्यातली गोष्ट. कांद्याची लागण उरकून संध्याकाळी ओसरीवर टेकलो होतो. नात यंदा दहावीला आहे. पुस्तक पुढ्यात उघडे होते, पण तिची नजर भिंतीवर होती.

"काय गं पोरी, काय झालं?" मी विचारले.

"आबा, मला इंग्रजी जमायचं नाही. उद्यापासून मी वर्गात हातच वर करणार नाही."

हळूहळू तिने सगळे सांगितले. बाईंनी एक वाक्य फळ्यावर लिहिले होते. त्यात 'फेस द म्युझिक' असे शब्द होते. हिने मोठ्या हौसेने हात वर केला आणि अर्थ सांगितला, "त्याने संगीताकडे तोंड केले." वर्ग हसला. पोर रडवेली झाली ती झालीच.

मला मात्र हसू आले नाही. कारण चाळीस वर्षांपूर्वी अगदी हीच चूक मी केली होती, आणि ती मला महागात पडली होती.

सन १९८३ ची गोष्ट. विहिरीवरच्या इंजिनासाठी मी कर्ज घेतले होते. हप्ते वेळेवर भरले होते, पण एका हप्त्याची नोंद कचेरीतल्या वहीत झालीच नव्हती. बोलावणे आले म्हणून गेलो. तिथले साहेब शेजारच्या साहेबांना माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत काही म्हणाले. त्यातले 'फेस' आणि 'म्युझिक' हे दोन शब्द माझ्या कानांनी बरोबर टिपले. मी जुना अकरावी शिकलेला. 'फेस' म्हणजे तोंड, 'म्युझिक' म्हणजे संगीत. मला वाटले, कचेरीत काही गाण्याबजावण्याचा कार्यक्रम आहे. मी खुशीत हसलो. साहेबांना वाटले, हा गडी आपली टिंगल करतो आहे. त्यांनी फाईल मिटली आणि पुढची तारीख दिली. पावती घरी देवघरातल्या डब्यात होती, ती त्याच दिवशी आणून दाखवली असती तर काम मिटले असते. पण त्या हसण्यापायी चार खेपा पडल्या, वर दंडही भरला.

संध्याकाळी गावच्या गुरुजींनी समजावले, "अहो, त्याचा अर्थ, आता याला केलेले निस्तरावे लागेल."

वाचक शेतकरी बंधूंनो आणि माय-बहिणींनो, त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. शब्द कळला म्हणजे बोलणे कळले असे नाही. म्हणून नातीला जवळ बसवले आणि म्हटले, "चल, आज आपण साहेबाच्या भाषेतली वाजंत्री ऐकू."

शिक्षा आणि ढोल

'फेस द म्युझिक' हा वाक्प्रचार अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १८३० नंतरच्या दहा वर्षांत दिसू लागतो. तो आला कसा, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक गोष्ट नाटकाची. तिकडे वाद्ये वाजवणारे रंगमंचाच्या अगदी पुढे, खालच्या बाजूला बसत. नट पडद्याआडून आला की त्याला वाद्यांना आणि त्यामागच्या प्रेक्षकांना सामोरे जावेच लागे. दुसरी गोष्ट पलटणीची. गुन्हा केलेल्या शिपायाला पलटणीतून काढताना सगळ्यांसमोरून ढोल-ताशे वाजवत हाकलून देत. त्यासाठी एक खास चालही असे. जानकार मंडळींचे यावर एकमत नाही. अर्थ मात्र पक्का आहे: केलेल्या कर्माचे फळ समोर उभे राहून भोगणे. आपण म्हणतो, करावे तसे भरावे.

नात म्हणाली, "म्हणजे शब्दाला शब्द लावायचा नाही तर."

मी म्हटले, "उद्या एखाद्या इंग्रजाला कुणी सांगितले की अमका स्वतःची टिमकी वाजवतो, तर तो बिचारा टिमकी कुठे ठेवली आहे ते शोधत बसेल. आपल्याला जे होते तेच त्याला होईल. त्यात लाज कसली?"

त्यांचे वाद्य, आपले वाद्य

मग आम्ही दोघांनी वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला साहेबाचे, दुसऱ्या बाजूला आपले. गंमत अशी की, पुष्कळ ठिकाणी वाद्य तेवढे बदलते, माणूस तोच राहतो.

टिमकीचे घ्या. इंग्रजीत म्हणतात 'ब्लो युवर ओन ट्रम्पेट', म्हणजे स्वतःची तुतारी स्वतःच फुंकणे. राजा-सरदार आले की पुढे तुतारीवाला चालायचा, हे तिकडेही होते आणि आपल्याकडेही. तुतारी दुसऱ्याने फुंकायची असते. स्वतःच फुंकली की हसे होते. बायबलातही दानधर्म करताना आपल्यापुढे तुतारी वाजवू नका, असा उपदेश आहे. गावच्या देवळाला पंखा देऊन पंख्याच्या तिन्ही पात्यांवर स्वतःचे नाव रंगवणारा दाता आपण पाहिला आहेच.

'हार्प ऑन वन स्ट्रिंग' म्हणजे हार्प नावाच्या वाद्याची एकच तार छेडत राहणे. हार्प हे पुष्कळ तारांचे मोठे वाद्य. इतक्या तारा असून एकच वाजवायची, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव जायचा. इंग्रजीत हे बोलणे सोळाव्या शतकापासून आहे. आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्याला तर तारच एक! म्हणून आपण म्हणतो, याचे आपले एकच तुणतुणे. आता नुसते 'हार्प ऑन' एवढेच म्हणतात, तार सांगावी लागत नाही.

'इट टेक्स टू टु टँगो.' टँगो हा दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनाकडचा जोडीने करायचा नाच. एकट्याला तो येत नाही. १९५२ साली याच बोलांचे एक गाणे अमेरिकेत गाजले आणि तो वाक्प्रचारच होऊन बसला. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी रशियाशी संबंध सुधारण्याबद्दल बोलताना हेच शब्द वापरले. आपल्याकडे यासाठी नाच लागत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, एवढे म्हटले की झाले. बांधाच्या भांडणात ही म्हण आपण किती वेळा ऐकली आहे!

'ही हू पेज द पायपर कॉल्स द ट्यून.' पायपर म्हणजे पुंगी-सनईसारखे वाद्य फुंकणारा वाजंत्रीवाला. जो त्याला पैसे देतो, तोच कोणती चाल वाजवायची ते ठरवतो. आपण तेच दुसऱ्या बाजूने सांगतो: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. साहेब पैसे देणाऱ्याकडे बघतो, आपण पोळी खाणाऱ्याकडे बघतो. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही म्हणी जोडीने आठवतात.

'फिट ॲज अ फिडल' म्हणजे अंगाने धडधाकट. फिडल म्हणजे आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो ते. सगळ्या तारा नीट ताणलेले, सुरात लावलेले वाद्य जसे तयार असते, तसा माणूस. नातीची आजी चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे ठणठणीत!" अगदी बरोबर. बाजारात मडके घेताना बाया बोटाने वाजवून घेतात. ठणठण वाजले तर पक्के, बद्द वाजले तर चीर गेलेले. आपला 'ठणठणीत' हा शब्दही आवाजातूनच आला. तसेच 'क्लीअर ॲज अ बेल', घंटेसारखे स्वच्छ. त्याला आपला शब्द खणखणीत. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आजीने दोन वाक्प्रचार सोडवले, तेव्हा नातीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आले.

मागे उभा राहणारा

'प्ले सेकंड फिडल' याच्यावर मात्र आमची थोडी चर्चा झाली. पाश्चात्य वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्यांचे दोन गट असतात. पहिला गट बहुतेक वेळा मुख्य चाल वाजवतो, दुसरा तिला साथ देतो. त्यावरून दुय्यम जागेवर राहणे असा अर्थ आला. म्हणताना त्यात थोडी खंत असते.

आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने कडवे टाकले की ते 'जी जी' करून सूर उचलतात. त्यांचे नाव कुणी विचारत नाही. पण झीलकरी गप्प बसले तर पोवाडा उभाच राहत नाही, शाहिराला दम घ्यायलाही सवड मिळत नाही. आपल्या घरातल्या बायका जन्मभर हीच झील धरतात. सातबाऱ्यावर नाव एकाचे, आणि निंदणी, खुरपणी, धारा काढणे दुसऱ्याचे. नातीची आजी काही बोलली नाही, पण लाकूड चुलीत जरा जोरात सारले, एवढे मी पाहिले.

बाजाच्या गाडीवर उडी

'जंप ऑन द बँडवॅगन' हा वाक्प्रचार शेतकऱ्याने तर पाठच करावा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सर्कस गावात आली की मिरवणूक निघे. पुढे एका सजवलेल्या उंच घोडागाडीवर वाद्ये वाजवणारे बसत. तीच बँडवॅगन, बाजाची गाडी. बार्नम नावाच्या प्रसिद्ध खेळवाल्याने १८५५ साली छापलेल्या आपल्या आत्मचरित्रात हा शब्द वापरला आहे. लोक गोळा होतात हे पाहून पुढाऱ्यांनीही प्रचाराला अशा गाड्या काढल्या. ज्याची सरशी दिसेल त्याच्या गाडीवर उडी मारून बसणारे पुष्कळ निघाले. त्यावरून, सगळे करतात म्हणून आपणही करणे, असा अर्थ आला.

आपल्याकडे ही गाडी दरवर्षी बांधावरून जाते. एका साली कांद्याला भाव मिळाला की दुसऱ्या साली गावभर कांदा. शेजाऱ्याने टोमॅटो लावला म्हणून आपणही लावला. सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात आला की भाव कोसळतो, आणि गाडीवर सगळ्यात शेवटी चढलेला सगळ्यात आधी खाली पडतो. गाडीवर चढू नये असे मी म्हणत नाही. चढण्याआधी ती कुठे चालली आहे, एवढे विचारावे.

पेटीच्या मुठी

'पुल आउट ऑल द स्टॉप्स' हे ऐकून नात चक्रावली. सगळे 'स्टॉप' ओढून काढायचे म्हणजे काय? मी तिला भजनी मंडळाची पेटी आठवायला सांगितले. तिच्या पुढच्या फळीवर लहान लहान मुठी असतात. एखादी मूठ ओढली की भात्याची हवा सुरांच्या आणखी एका ओळीकडे जाते आणि आवाज भरदार होतो. तिकडच्या चर्चमधल्या ऑर्गनची रीतही अशीच, फक्त ते वाद्य भिंतीएवढे. नळ्यांच्या रांगाच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेला एक मूठ. सगळ्या मुठी ओढल्या की इमारत दणाणते. त्यावरून अर्थ झाला, होती नव्हती ती सारी ताकद लावणे. मॅथ्यू अर्नोल्ड या इंग्रज लेखकाने १८६५ साली ही ऑर्गनची उपमा माणसाच्या मनाला लावली.

आपली हातपेटीही मुळात युरोपातल्या पेटीवरून आली. तिकडे पायाने भाता चालवत. आपली माणसे मांडी घालून बसणारी. म्हणून १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची पेटी बनवली. ती पुढे देशभर पसरली आणि आपल्या विठ्ठलाच्या भजनातही बसली. तेव्हा साहेबाचा हा वाक्प्रचार आपल्या देवळात रोज वाजतो, आपल्याला ठाऊक नव्हते इतकेच.

रोम जळत होते तेव्हा

'फिडलिंग व्हाइल रोम बर्न्स', म्हणजे घर जळत असता सारंगी वाजवत बसणे. इसवी सन ६४ च्या जुलै महिन्यात रोम शहराला मोठी आग लागली. तेव्हा नीरो हा बादशहा होता. शहर जळत असताना तो वाद्य वाजवत बसला, असे लोक सांगत आले.

खरे पाहिले तर व्हायोलिन त्या काळी नव्हतेच, ते सोळाव्या शतकातले. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की आग लागली तेव्हा नीरो दुसऱ्या गावी होता. तो परत आला, आणि त्याने बेघर लोकांना आसरा देऊन धान्य स्वस्त केले. पण तेवढ्यात अफवा उठली की शहर जळताना बादशहा गात होता. शहराचे चौदा भाग, त्यांतले चारच धड उरले. लोक इतके पोळले होते की त्यांना धान्य आठवले नाही, गाणे आठवले. म्हण त्या अफवेची झाली, आणि आज दोन हजार वर्षे होत आली तरी ती पुसली गेली नाही. ज्यांच्या हाती कारभार असतो, मग तो ग्रामपंचायतीचा का असेना, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

घेवड्याच्या शेतातला माणूस

'मार्च टु द बीट ऑफ अ डिफरन्ट ड्रमर', म्हणजे वेगळ्याच ढोलाच्या ठेक्यावर चालणे. चारचौघांपेक्षा निराळ्या वाटेने जाणाऱ्याला असे म्हणतात. ही उपमा अमेरिकेच्या हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाच्या 'वॉल्डन' या १८५४ सालच्या पुस्तकातून आली.

हा थोरो आपल्या ओळखीचा व्हावा असा माणूस आहे. १८४५ साली तो एका तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. तिथे त्याने सुमारे अडीच एकर घेवडा लावला, स्वतः खुरपला, आणि पै-पैचा हिशेब पुस्तकात छापला. खर्च वजा जाता त्याला पावणेनऊ डॉलरच्या आतच नफा उरला होता. आपल्यापैकी किती जण इतका चोख हिशेब ठेवतात? गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून तो एक रात्र तुरुंगातही राहिला. त्यावर त्याने लिहिलेला निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला होता. वेगळ्या ढोलाचा ठेका असा दूरवर ऐकू जातो.

गाण्याच्या मोलाने

'फॉर अ साँग' म्हणजे एका गाण्याच्या किमतीला, म्हणजेच कवडीमोलाने. पूर्वी इंग्लंडच्या रस्त्यांवर गाणी छापलेले कागद पेनी-दोन पेनीला विकत. त्याहून स्वस्त काय असणार? शेक्सपिअरच्या एका नाटकातही गाण्याच्या मोबदल्यात जमीनजुमला घालवणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. नातीला मी एवढेच सांगितले, "पोरी, हा वाक्प्रचार नीट लक्षात ठेव. उद्या कुणी इंग्रजीतला कागद पुढे करून सही मागितली, तर आपली जमीन 'फॉर अ साँग' जाते आहे का, हे तुलाच वाचून सांगावे लागणार आहे."

गाय मेली ती चाल

शेवटचा वाक्प्रचार जुना आहे, आता फारसा कानांवर येत नाही, पण मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. 'द ट्यून द ओल्ड काउ डाइड ऑफ', म्हातारी गाय जिच्यामुळे मेली ती चाल. इंग्लंडकडच्या एका जुन्या लोकगीतात अशी गोष्ट आहे. एका माणसाची गाय भुकेली होती आणि त्याच्यापाशी वैरण नव्हती. तेव्हा त्याने वाद्य काढले आणि गाईपुढे बसून एक चाल वाजवली. सध्या गवताचे दिवस नाहीत, हे तिने समजून घ्यावे, असे त्याने तिला गाऊन सांगितले. गाय ऐकत राहिली आणि भुकेने मेली. त्यावरून, मदतीच्या जागी नुसता उपदेश करणे, असा अर्थ झाला. कर्णकटू गाण्यालाही तेच म्हणतात.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. दावणीला हाडे निघालेले जनावर आणि समोर कुणाचे तरी भाषण, हे ज्याने पाहिले तो ही म्हण विसरणार नाही.

पण ती गोष्ट सांगता सांगता मीच थबकलो. नातीला मी गेले वर्षभर काय देत होतो? "इंग्रजीचा अभ्यास कर, इंग्रजीवाचून पुढे निभाव नाही." रोज तीच चाल. तिच्याजवळ बसून पुस्तक मात्र एकदाही उघडले नव्हते. गाय भुकेली होती आणि मी गात होतो.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. सन २००० पासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवतात. मुलांच्या हातात मोबाईल आहे, शब्दाचा अर्थ एका बोटाने मिळतो. पण हसणाऱ्या वर्गापुढे पुन्हा हात वर करायचे धाडस मोबाईल देत नाही. ते घरातूनच मिळावे लागते. त्यासाठी आईबापांना इंग्रजी यायलाच हवे असे नाही. 'ठणठणीत' हा शब्द ज्या माउलीने सुचवला तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. मुलाने त्यांचे बोलणे सांगावे, आपण आपले सांगावे, आणि दोन्ही वहीत लिहावे. रोज अर्धा तास पुरे.

आमची वही आता निम्मी भरली आहे. गेल्या सोमवारी नात शाळेतून आली, दप्तर टाकले आणि म्हणाली, "आबा, आज बाईंनी 'सेकंड फिडल' विचारले. मी हात वर केला आणि झीलकऱ्याची गोष्ट सांगितली. बाईंनी ती सगळ्या वर्गाला लिहून घ्यायला लावली."

आजी चुलीपाशीच होती. ती म्हणाली, "आता फार टिमकी वाजवू नगंस. हात धू आन् जेवायला बस."